मदत हवी आहे: खिडकीवर दाब द्यावा की वेग?

मडगावातली जुन्या घराची खोली, ५ × ४ × ३.२ मीटर, वर मंगलोरी कौलं. समोरासमोर दोन खिडक्या, १.२ × १.२ मीटरच्या, पंखा नाही. दुपारची खाऱ्या वाऱ्याची हवा किती खेळते ते काढायचंय.

हवेच्या प्रवाहाचं गणित संगणकावर ओपनफोम या सॉफ्टवेअरमध्ये मांडलंय: बॉयंटसिंपलफोम (गरम-थंड हवेच्या प्रवाहाचं स्थिर उत्तर काढणारा सॉल्व्हर), के-ओमेगा एसएसटी (हवेच्या खळबळीचं मॉडेल), ९ लाख सेल (हिशेबासाठी खोलीचे पाडलेले बारीक तुकडे). कौलांना ४५ अंश, बाहेरची हवा ३२.

पश्चिमेच्या खिडकीला ०.६ मी./से. ठरावीक वेग दिला की उत्तर छान स्थिरावतं, पण मग हवेचं प्रमाण मीच ठरवलेलं असतं, त्याला काय अर्थ! दोन्ही खिडक्यांना एकूण दाब दिला (वारा २ मी./से., दोन बाजूंच्या दाबगुणांकातला, म्हणजे वाऱ्याच्या दाबाचा किती भाग भिंतीवर पडतो त्या आकड्यातला, फरक ०.९ धरून साधारण २ पास्कल), तर पूर्वेच्या खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून हवा उलटी आत शिरते आणि रेसिड्युअल (समीकरणांत उरलेली चूक) १०⁻³ खाली उतरत नाहीत. रिलॅक्सेशन (दर फेरीत उत्तर किती बदलू द्यायचं ते) ०.३ पर्यंत उतरवलं, फरक नाही. उलट्या प्रवाहाला ३२ अंशच दिलेत.

बाहेरची हवाही मॉडेलमध्ये घेता येईल, पण रॅम १६ जीबीच, २५ लाख सेलच्या पुढे जमणार नाही.

खिडकीपुढे किती मीटर बाहेरची हवा घेतली तर पुरे, आणि तिच्या कडांवर पी_आरजीएच (हवेच्या वजनाचा दाब वगळून उरलेला दाब) कसा द्यायचा? की इथे स्थिर उत्तरच नाही, थेट बॉयंटपिंपलफोमवर (वेळेनुसार बदलणारं उत्तर काढणाऱ्या सॉल्व्हरवर) जावं?