स्टार्व्ह्ड रॉकला एक दिवस : तुमचे अनुभव सांगा

मे महिन्यात आई-बाबा पुण्याहून आमच्याकडे नेपरव्हिलला येताहेत. बाबा चौऱ्याहत्तरचे, आईचे गुडघे दुखतात. मागच्या खेपेला मंदिरं, मॉल, शिकागोचं डाउनटाउन सगळं दाखवून झालं. परत जाताना आई म्हणाली होती, "तुमच्याकडची नदी काही बघितली नाही गं." तेव्हापासून ते मनात आहे. म्हणून या वेळी इलिनॉय नदीकाठच्या स्टार्व्ह्ड रॉक स्टेट पार्कला एक अख्खा दिवस द्यायचा ठरवलाय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: युटिका गावाजवळ, आय-८० वरून एक्झिट ८१. शिकागोहून दीड-पावणेदोन तास, प्रवेश मोफत. १९११ पासून हे स्टेट पार्क आहे. आत १८ कॅन्यन आणि जवळजवळ १३ मैलांच्या पायवाटा. आम्ही दोनदा गेलो, दोन्ही वेळा घाईत, म्हणून इथे विचारते. तुम्ही कोणत्या महिन्यात गेलात, कोणाला घेऊन गेलात, काय केलंत, काय फसलं? नुसतं 'छान आहे, जाऊन या' नको, जरा सविस्तर लिहा.

शॉमबर्गहून

ताई, आधी पाऊस बघा आणि मग तारीख ठरवा. इथल्या बहुतेक धबधब्यांना पावसाचं आणि वितळलेल्या बर्फाचंच पाणी असतं. आम्ही पहिल्यांदा ऑगस्टमध्ये गेलो तेव्हा फ्रेंच कॅन्यनच्या भिंतीवर नुसता ओला डाग होता. पुढच्या वर्षी एप्रिलच्या शेवटी, दोन दिवस पाऊस पडून गेल्यावर गेलो, तर तीच घळ ओळखू येईना. मी मुद्दाम घळ म्हणतोय. कॅन्यन म्हटलं की डोळ्यांसमोर ॲरिझोना येतं. इथे तसं काही नाही. दोन्ही बाजूंना ओलसर भिंती, त्यांवर शेवाळं आणि नेचे, वर आभाळाची एक चिंधी, आणि टोकाला कोसळणारं पाणी. आपल्या शिवथरघळीची आठवण येतेच.

ला साल कॅन्यनमध्ये धबधब्याच्या मागून जाता येतं. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. पडद्यामागे उभी राहून तिने हात पुढे केला आणि बोटांवरून पाणी कसं फुटतं ते बघत बसली, पाच मिनिटं हलली नाही. नदीकाठाने जाणारी ही वाट लांब आहे. जायला-यायला दोन-अडीच तास हाताशी ठेवा.

फ्रेंच कॅन्यन मात्र जपून. आत शिरताना पाणी खडकावरूनच वाहत येतं आणि पाय ठेवायला खडकात खोबण्या आहेत. मुलगा साध्या, गुळगुळीत तळाच्या बुटांत होता. घसरला, मनगट मुरगळलं आणि आमचा दिवस तिथेच संपला. ओला वालुकाश्म साबणासारखा असतो. चांगली पकड असलेले बूट नसतील तर घळीच्या तोंडाशीच थांबून बघा.

ऑरोराहून

निघायची वेळ पाळा. मेच्या शेवटी येणाऱ्या मेमोरियल डेच्या सुट्टीतल्या शनिवारी आम्ही आरामात अकराला पोचलो. पार्किंग भरलेलं, रस्त्यावरूनच गाड्या परत पाठवत होते. मागच्या सीटवर सासूबाई आणि डब्यांची पिशवी. शेवटी जवळच्याच मॅथिसन स्टेट पार्कला वळलो आणि तिथे फार सुंदर दिवस गेला. ही मॅथिसन नावाच्या जस्ताच्या कारखानदाराची खासगी जागा होती. नंतर ती राज्याकडे आली. तिथेही घळ आणि धबधबा आहे, गर्दी कमी, पण पायऱ्या पुष्कळ. तेव्हापासून आम्ही सुट्टीच्या दिवशी जातच नाही, आणि एरवीही साडेआठच्या आत पोचतो.

खाण्याचं सांगते. दशम्या, तिळाची चटणी, दडपे पोह्यांचं साहित्य वेगवेगळ्या डब्यांत. पोहे तिथेच कालवायचे, म्हणजे मऊ पडत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये जाणार असाल तर वाटेत गावच्या स्टॉलवरून मक्याची कणसं घ्या. पिकनिकच्या जागी लोखंडी ग्रिल असतात, कोळसा आपला न्यायचा. सालं न काढता दहा मिनिटं ठेवायची, मग सालं मागे ओढून थेट निखाऱ्यावर, दाणे तडतडेपर्यंत. लिंबाची फोड तिखट-मिठात बुडवून वरून घासायची. इथलं कणीस इतकं गोड असतं की तिखट जरा सढळ हातानेच लागतं. निघताना कोळसा पूर्ण विझलाय ना, ते बघा.

पेओरियाहून

दोनच गोष्टी. घरी आल्यावर मुलांचे पाय, काखा, कानांमागची जागा, केसांची मुळं तपासा. गोचीड असते, आणि चावली तरी कळत नाही. दुसरं, पॉयझन आयव्ही. एका देठाला तीन पानं दिसली की हात लावायचा नाही. खाजकुइलीची खाज लगेच सुटते, याची एक-दोन दिवसांनी उठते, आणि माझ्या हातावर ती तीन आठवडे होती.

प्लेनफिल्डहून

मी सिव्हिलचा माणूस, म्हणून जरा वेगळं लिहितो. या घळी ज्या दगडात कोरल्या गेल्यात तो सेंट पीटर सँडस्टोन, चाळीस कोटी वर्षांहून जुना. दाणे जवळजवळ शुद्ध सिलिकाचे आणि बांधणी कच्ची. हिमयुग संपताना वितळलेल्या पाण्याचे मोठे लोंढे या खोऱ्यातून गेले, पुढे ओढ्यांनी दगड कापत नेला, आणि घळी झाल्या.

इथून नदीने थोडं वर ऑटावा गाव आहे. कॉलेजात सिमेंटची ताकद तपासताना आपण एन्नोरची प्रमाण वाळू वापरायचो, आठवतं? अमेरिकेत त्या जागी ऑटावाची वाळू वापरतात, आणि ती याच दगडाची. भिंतीपाशी पडलेली चिमूटभर वाळू तळहातावर घेऊन नीट बघा. दाणे गोल, पांढरे, सगळे जवळपास एका मापाचे. पंचवीस वर्षांपूर्वी लॅबमध्ये पिशवीतून काढलेल्या वाळूची आठवण आली आणि मी तिथे बराच वेळ उभा राहिलो.

एक विनंती. भिंतींवर नावं कोरलेली दिसतात. हा दगड नखानेही खरवडला जातो, आणि एकदा गेलेला दाणा परत बसत नाही. कुंपणाबाहेर जाऊन कड्यावर फोटो काढणंही नको, कडेचा दगड पायाखालून सुटतो. मुलांना हे गाडीत बसल्या बसल्याच सांगा.

आणि नदीचं लॉक, म्हणजे धरणापाशी बोटी वर-खाली करणारी पाण्याची कोठी, बघितल्याशिवाय येऊ नका! ज्या खडकावरून पार्कला नाव पडलं त्या स्टार्व्ह्ड रॉकच्या माथ्यावरून धरण दिसतं, पण लॉक जवळून बघायचं तर पूल ओलांडून उत्तर काठावरच्या व्हिजिटर सेंटरला जा. चालणं जवळजवळ नाही, आई-बाबांना जमेल. १९३३ सालचं हे काम, ६०० फूट लांब, ११० फूट रुंद. मक्या-सोयाबीनच्या बार्ज, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नौका, तीन-तीन शेजारी बांधून येतात. एक बार्ज ३५ फूट रुंद, तीन मिळून १०५. म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून पाच फूट जागा! पंधरा बार्जचा ताफा एका वेळी मावत नाही, म्हणून आधी नऊ आत ढकलून सोडतात, आणि उरलेल्या सहा ढकलणाऱ्या टगबोटीबरोबर दुसऱ्या खेपेला. पाणी भरायला-सोडायला पंप नसतो. झडपा उघडल्या की पाणी उंचावरून आपोआप वाहतं. बार्ज कधी येईल याचा नेम नसतो, पण आली तर तासभर जागचं हलवत नाही.

मिलवॉकीहून

आम्ही जातो ते जानेवारीत, बाल्ड ईगल बघायला. उत्तरेकडच्या नद्या-तळी गोठली की हे गरुड खाली येतात. धरणाखालचं पाणी खळाळत असल्याने गोठत नाही, आणि मासे सहज सापडतात. समोरच्या प्लम आयलंडवरच्या झाडांवर ते बसलेले असतात. तिथे बांधकाम होऊ नये म्हणून इलिनॉय ऑडुबॉन सोसायटी या निसर्ग जपणाऱ्या संस्थेने ते बेटच विकत घेतलं, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं.

मागच्या वेळी उणे बारा सेल्सिअस होतं. बायकोने दुर्बीण डोळ्याला लावली आणि म्हणाली, "अरे, झाडावर पांढरी फळं लागल्यासारखी दिसताहेत." ती डोकी होती. एकाच झाडावर सात. डोकं पांढरं व्हायला चार-पाच वर्षं लागतात, म्हणून त्यांच्यातच तपकिरी डोक्याची पिल्लंही होती, आकाराने आईबापांएवढीच. एकाने झाड सोडलं, पाण्यावर अगदी खाली आला, नुसते पाय पुढे केले आणि मासा घेऊन वर गेला. पंख आपटल्याचा आवाज नाही, काही नाही. काठावर वीस-पंचवीस माणसं होती, सगळ्यांनी एकदम श्वास सोडला.

सकाळी लवकर जा, मोज्यांचे दोन जोड घाला, थर्मासमध्ये आल्याचा चहा न्या. बुटांना लावायचे बर्फाचे काटे हवेतच, पायऱ्यांवर बर्फ असतो. त्याच थंडीत धबधबे गोठून निळसर खांब होतात, तेही बघून घ्या.

ब्लूमिंग्टनहून

स्टार्व्ह्ड रॉक म्हणजे 'उपासमारीचा खडक', या नावाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. गोष्ट अशी सांगतात की १७६९ मध्ये पाँटिअ‍ॅक हा ओडावा सरदार मारला गेला, त्याचा सूड म्हणून ओडावा आणि पोटावाटोमी जमातींच्या लोकांनी इलिनॉय जमातीच्या लोकांचा पाठलाग केला. ते या खडकावर चढले, खाली वेढा पडला आणि वर ते उपाशी मेले. ही दंतकथा आहे, घडल्याचा भक्कम पुरावा नाही. मुलांना सांगताना मी 'अशी गोष्ट सांगतात' असंच म्हणते. समोरच्या काठावर इलिनॉय लोकांपैकीच कास्कास्किया लोकांचं मोठं गाव होतं, हे मात्र पक्कं. १६७३ मध्ये मार्केट (Marquette) आणि जोलिए हे फ्रेंच शोधप्रवासी तिथे आले होते. त्या लोकांचे वंशज आज पिओरिया जमात म्हणून ओक्लाहोमात राहतात. ते संपले नाहीत, त्यांना इथून घालवलं गेलं. हेही मुलांना सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

माथ्यावर १६८२-८३ च्या हिवाळ्यात ला साल या फ्रेंच शोधप्रवाशाने किल्ला बांधला. वर गेल्यावर जागा का निवडली ते लगेच कळतं. सव्वाशे फूट उंच, बहुतेक बाजूंनी कडा, पायथ्याशी नदी. गड बघत वाढलेल्या माणसाला समजवायला लागत नाही. आता किल्ल्याचं काही उरलेलं नाही. लाकडी जिना आहे, सावकाश चढा.

ऑटावाहून

कयाक करणाऱ्यांसाठी: धरणाच्या आसपास जाऊच नका. बोयांची, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांची, रेघ ओलांडायची नाही, वरच्या अंगालाही आणि खालच्याही. वरून पाणी शांत दिसतं, ओढ भयंकर असते. बार्जची लाट दोन मिनिटांनी येऊन काठावर आपटते, तेव्हा नाक लाटेकडे वळवून धरा. नवशिक्यांनी आधी फॉक्स नदीवर हात बसवावा. पार्कात नदीत पोहायला मनाई आहे आणि ती योग्यच आहे. मासेमारीला सोळा वर्षं आणि त्यावरच्यांना लायसन्स लागतं.

नेपरव्हिलहून, मेच्या शेवटी

मंडळी, जाऊन आलो! मंगळवारी गेलो, दोन दिवस पाऊस झाला होता. साडेआठला पोचलो. आईला माथ्यावर नेलं नाही, पूर्वेकडच्या पार्किंगमधून थेट काउन्सिल ओव्हरहँगला नेलं. वाट छोटी आहे, थोडा चिखल होता, हात धरून नेलं. ती प्रचंड कपार बघून बाबा म्हणाले, "इथे पाचशे माणसं कीर्तनाला बसतील." मग त्यांनी स्वतःच, फार मोठ्याने नाही, एकदा 'जय जय रामकृष्ण हरी' म्हटलं आणि घुमून परत येणारा आवाज ऐकत थांबले. पुढे ऑटावा कॅन्यनला धबधबा चांगला वाहत होता. आईने चष्मा काढून तोंडावर तुषार घेतले.

दुपारी पार्कातल्या लॉजमध्ये गेलो. १९३० च्या दशकातल्या मंदीत सरकारी योजनेतल्या बेकार तरुणांनी बांधलेली ती लाकडी इमारत, दगडी फायरप्लेससकट, बाबांना फार आवडली. आईने तिथेच पाय लांब केले.

चारला लॉकवर पोचलो आणि नशिबाने वरच्या अंगाने ताफा येत होता. आईने बोटाने बार्ज मोजल्या, पंधरा. प्लेनफिल्डच्या दादांनी लिहिल्याप्रमाणे आधी नऊ आत आल्या. भिंत आणि बार्ज यांमधली फट बघून आई बार्जवरच्या एका डेकहँडकडे, म्हणजे खलाशाकडे, बोट दाखवत सारखी म्हणत होती, "अगं, त्याला सांगा कोणी, पाय सांभाळ म्हणावं." दाव्यापाशी उभ्या असलेल्या त्या मुलाने वर बघून हात हलवला, तिनेही हलवला. मग पाणी उतरायला लागलं आणि तो मुलगा बार्जसकट हळूहळू खाली जात भिंतीआड झाला. निघू या म्हटलं तर कठडा सोडेना. उरलेल्या सहा येऊन गेल्या, तेव्हाच गाडीत बसली.