आई-वडिलांना परदेशी पाठवताना विमानात कुठून बसवायचं : नागपूर, मुंबई की हैदराबाद?

केळापूर_कास्तकार

माझी लहान बहीण फ्रँकफर्टजवळ नोकरीला आहे. तिच्या बाळंतपणासाठी आई-बाबांना दोन महिन्यांपूर्वी तिकडे पाठवलं. आई 68 वर्षांची, बाबा 73. दोघंही त्याआधी कधी विमानात बसले नव्हते. हिंदी कामापुरती येते, इंग्रजी नाही. गाव पांढरकवड्यापासून 14 किलोमीटर आत. आता गावातले आणखी दोघं मला हेच विचारायला घरी येऊन गेले, म्हणून इथं लिहितो.

फ्रँकफर्टला मुंबईहून थेट विमान आहे, दिल्लीहून आहे, 2024 पासून हैदराबादहूनही आहे. नागपूरहून थेट नाही, दोह्याला उतरून विमान बदलावं लागतं. सगळे नातेवाईक म्हणाले, थेट विमान असताना म्हाताऱ्यांना मधे कशाला उतरवता? तरी मी नागपूर-दोहा-फ्रँकफर्ट असं एकच तिकीट काढलं. दोघांचे मिळून 17 हजार जास्त गेले. खेड्यातल्या, पहिल्यांदाच जाणाऱ्या माणसाला नागपूरहूनच बसवावं, हे माझं ठाम मत आहे.

थेट विमान मुंबईहून थेट आहे, आमच्या गावाहून नाही. पांढरकवड्याहून नागपूर 150 किलोमीटर, सरळ हायवे. हिंगणघाट, जाम, बुटीबोरी झालं की सोनेगावचा विमानतळ वर्धा रोडवरच लागतो, शहरात शिरावंसुद्धा लागत नाही. रात्री जेवून घरून निघालो आणि पहाटेच्या विमानाला आरामात पोचलो. मुंबई म्हटलं की आदल्या दिवशी रेल्वे, मग दिवसभर कुठं टेकायचं, मग रात्री विमान. घरून निघाल्यापासूनचे तास मोजले तर दोन्ही सारखेच पडतात.

आणि तिकीट एकच का, तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या काकांनी नागपूर-मुंबई एका कंपनीचं आणि मुंबईहून पुढचं दुसऱ्या कंपनीचं, अशी वेगवेगळी तिकिटं काढली. जुलै महिना होता, मुंबईत पाऊस. नागपूरचं विमान चार तास उशिरा निघालं, पुढचं निघून गेलं. पुढची कंपनी म्हणाली, तुम्ही वेळेवर आलाच नाहीत, आमचा संबंध नाही. सगळे पैसे बुडाले. तिकीट एकच असतं, तर पुढच्या विमानात बसवून देण्याची जबाबदारी कंपनीवर असती.

बडनेरा_जंक्शन

भाऊ, काकांचं वाचून वाईट वाटलं, पण चूक वेगवेगळ्या तिकिटांची होती. त्यात मुंबईचा काय दोष?

मी माझ्या आईला दोनदा मुंबईहूनच पाठवलं. विदर्भ एक्सप्रेसनं रात्री बडनेऱ्याहून बसायचं, सकाळी सातच्या सुमारास सीएसएमटी. पूर्वी तिथून सहार विमानतळापर्यंत टॅक्सीवाल्यांशी घासाघीस करावी लागायची. आता भुयारी मेट्रो सीएसएमटीहून थेट टर्मिनल 2 ला जाते, ऑक्टोबर 2025 पासून पूर्ण सुरू आहे. दिवसभर नातेवाइकाकडे आराम करायचा, नाही तर स्टेशनजवळ खोली घ्यायची.

दोहा विमानतळ तुम्ही पाहिला आहे का? इतका मोठा आहे की आतल्या आत रेल्वे चालते. ज्याला पाटी वाचता येत नाही, त्याला तिथं गेट शोधायला लावायचं? मुंबईहून थेट गेलं की एकदा बसायचं आणि उतरलं की समोर मुलगी. शिवाय नागपूरहून परदेशी जाणारी विमानं दोन-तीन ठिकाणची. तिथलं एक रद्द झालं तर पर्याय काय? मुंबईला त्याच रात्री दुसऱ्या कंपनीची चार विमानं असतात.

आणि 17 हजार थोडे नाहीत. 2025-26 च्या 8,110 या हमीभावानं दोन क्विंटलांच्या वर कापूस होतो.

केळापूर_कास्तकार

दोन क्विंटल कापूस वेचायला काय लागतं ते मला माहीत आहे दादा, म्हणून तो हिशेब मी चार दिवस करत बसलो होतो. दोघांचं रेल्वेभाडं, सोबत माझं जाणं-येणं, मुंबईतली खोली आणि जेवण हे सगळं मांडल्यावर फरक सात-आठ हजारांवर आला.

दोह्याची भीती मलाही होती. तिकीट काढतानाच दोघांसाठी व्हीलचेअरची मदत नोंदवली, तिचे वेगळे पैसे लागत नाहीत. विमानाच्या दाराशी माणूस येतो, तो तपासणीतून पुढच्या गेटपर्यंत नेऊन सोडतो. दोह्याला त्यांना केरळचा मुलगा भेटला, हिंदी बोलणारा. बाबा खुर्चीत बसायला तयार नव्हते, मी रोज वावरात जातो म्हणाले. तो मुलगा त्यांच्या बाजूनं चालत गेला.

आईच्या हातात मी एक कागद दिला होता. मोठ्या अक्षरात मराठीत आणि खाली इंग्रजीत : "आम्हाला फ्रँकफर्टला जायचं आहे. आम्हाला इंग्रजी येत नाही." त्याखाली बहिणीचा नंबर. सामानाचा टॅग लावला की शेवटची तीन अक्षरं एफ-आर-ए, म्हणजे फ्रँकफर्ट, आहेत का, ते बघायला शिकवलं होतं. आईनं ती अक्षरं वहीत गिरवली होती.

अकोल्याची_सिस्टर

मी नर्स आहे, एका मुद्द्यावर स्पष्ट बोलते. चालता येत असताना व्हीलचेअर मागू नका. माझ्या सासऱ्यांचं कमरेचं ऑपरेशन झालं आहे. एका मोठ्या विमानतळावर त्यांना पाऊण तास खुर्ची मिळाली नाही, कारण सगळ्या खुर्च्यांवर धडधाकट माणसं. भाषा येत नाही ही अडचण खरी आहे, पण त्यासाठी कंपनीला फोन करून सोबतीची मदत मागा. काही कंपन्या ती देतात, बऱ्याच ठिकाणी पैसे लागतात. ते 17 हजार तिथं घातले असते तर मी तुम्हाला बरोबर म्हटलं असतं.

केळापूर_कास्तकार

ताई, हे मान्य. आईचे गुडघे दुखतात, तिला लागणारच होती. बाबांची नोंदवायला नको होती. परतीच्या तिकिटातून त्यांची काढून टाकतो.

दर्यापूरचा_पोट्टा

अन् बेलोऱ्याच्या विमानतळाचं कोनीच बोलून नाई राह्यलं! अमरावतीहून 16 एप्रिल 2025 पासून विमान सुरू झालं, मुंबईले जाते. आमच्या लोकायले नागपूर काहून पायजे? घरून निघालं का तासाभरात बेलोरा. आपल्या जिल्ह्यातलं विमान आपनच वापरलं नाई त बंद पडन, मंग बसा बोंबलत.

केळापूर_कास्तकार

भाऊ, बेलोरा चाललं पाहिजे असं मलाही मनापासून वाटतं. मुंबईत कोर्टाचं किंवा दवाखान्याचं काम असेल तर मीही तिथूनच जाईन. पण ते छोटं एटीआर विमान, सुरू झालं तेव्हा आठवड्यातून तीनच दिवस होतं. त्यावर परदेशी विमान जोडायचं तर पुन्हा दोन तिकिटं. करायचंच असेल तर मधे पूर्ण एक दिवस मोकळा ठेवा.

गोदाकाठ

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंच्याचा. तुमच्या "खेड्यातल्या माणसाला नागपूरच" या वाक्याशी माझं भांडण आहे. खेडी काय फक्त यवतमाळ जिल्ह्यात आहेत? आमच्याहून नागपूर पावणेचारशे किलोमीटरच्या पुढे, आणि तो आलापल्लीकडचा रस्ता पावसाळ्यात कसा असतो ते येऊन पाहा. गोदावरीवरचा पूल झाल्यापासून हैदराबाद आम्हाला कितीतरी जवळ आहे. शमशाबादचा विमानतळ शहराबाहेर आहे, आउटर रिंग रोडनं थेट पोचता येतं. आखातात, अमेरिकेत, युरोपात जाणारी विमानं तिथून रोज. आमच्याकडे घरोघरी तेलुगू कळते, म्हणजे भाषेचाही प्रश्न नाही. नकाशावर विदर्भ एक दिसतो, पण मेहकरच्या माणसाला समृद्धीनं मुंबईही परवडेल आणि राजुऱ्याच्या माणसानं वंदे भारतनं सिकंदराबाद का गाठू नये?

केळापूर_कास्तकार

सिरोंच्याबद्दल तुम्ही बरोबर आहात, मी माझ्याच तालुक्यावरून बोललो. वाक्य असं करतो : जिथवर घरचं माणूस सोबत येऊ शकतं आणि आपली भाषा चालते, असा जवळचा विमानतळ घ्या. तुमच्यासाठी तो हैदराबाद.

भाषेचं महत्त्व मला नागपूरला कळलं. आत प्रवाशांनाच सोडतात, मी दाराच्या काचेतून बघत होतो. काउंटरवरच्या मुलीनं हातातल्या पिशवीत काय आहे म्हणून विचारलं. मराठीत विचारलं, म्हणून आईनंच उत्तर दिलं. मूगवड्या, तिखट, बाळासाठी दुपटी आणि मिरचीच्या लोणच्याची बरणी. तूप मीच काढून ठेवलं होतं, युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. मुलगी म्हणाली, काकू, हे लोणचं हातात चालत नाही, तपासणीत काढून घेतील, मोठ्या बॅगेत टाका. आईनं तिथंच फरशीवर बसून बॅगेची नायलॉनची दोरी सोडली, बरणी दुपट्यात गुंडाळून आत ठेवली आणि पुन्हा गाठ मारली. मागची रांग थांबली होती, पण ती मुलगी घाई न करता उभी राहिली. ते लोणचं बहिणीकडे पोचलं.

बडनेरा_जंक्शन

वाचून बरं वाटलं. पण मुंबईच्या काउंटरवर मराठी मुली नसतात का? माझं मत तेच आहे, बाहेर देशात विमान बदलायला लावू नये. आईला पुढच्या वेळीही मी मुंबईहूनच पाठवणार. आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय, तेव्हा बुकिंग करताना कोणता विमानतळ आणि कोणतं टर्मिनल ते नीट वाचा. आणि रात्री बारानंतरचं विमान असेल तर तारीख दोनदा बघा. 15 तारखेला रात्री दीडचं विमान म्हणजे 14 च्या रात्री घरून निघायचं. आमच्या ओळखीतलं एक कुटुंब 15 च्या रात्री पोचलं होतं.

केळापूर_कास्तकार

हे तारखेचं फार महत्त्वाचं सांगितलंत.

परतीचंही एक सांगतो. मुंबईत उतरून पुढे विमानानं नागपूरला यायचं असेल, तर सामान मुंबईतच घ्यावं लागतं, कस्टममधून काढून पुन्हा जमा करावं लागतं. पुढचं विमान टर्मिनल 1 चं असेल तर गाडीनं तिकडे जावं लागतं. दोह्याहून येणाऱ्याला हे सगळं नागपूरलाच उरकतं, बाहेर पडलं की आपली गाडी.

आई-बाबा 11 तारखेला उत्तररात्री उतरणार आहेत. मी 10 ला संध्याकाळीच निघतो. परतीत दोह्याला कसं झालं ते बाबांना विचारून इथं लिहितो, यावेळी ते चालतच येणार आहेत.