व्यायामाने गुडघा अधिक दुखू लागला, तर व्यायाम थांबवावा का?

प्रश्न

माझे वय ५४ आहे. गेले सात-आठ महिने उजवा गुडघा दुखतो. सपाटीवर चालताना फारसा त्रास नाही, पण जिना उतरताना कळ येते आणि बराच वेळ बसून उठल्यावर पहिली चार-पाच पावले गुडघा आखडलेलाच असतो. एक्स-रेमध्ये मध्यम स्वरूपाची झीज दिसली. फिजिओथेरपीच्या पहिल्या ठिकाणी दहा दिवस मशीनचा शेक आणि अल्ट्रासाउंड झाला. तेवढे दिवस बरे वाटले, मग दुखणे मूळपदावर आले. आता दुसऱ्या ठिकाणी मशीन बाजूला ठेवून केवळ व्यायाम दिला आहे: खुर्चीतून उठबस, पायरीवर चढउतार आणि घोट्याला वजन बांधून पाय सरळ करणे. चार दिवसांतच गुडघा ठणकू लागला. घरचे म्हणतात, झिजलेला सांधा आणखी कशाला झिजवायचा? मलाही ते पटू लागले आहे. काय करावे?

प्रतिसाद १ (फिजिओथेरपिस्ट)

घरच्यांची शंका स्वाभाविक आहे, पण ती सांध्याला यंत्राच्या सुट्या भागासारखे मानते. कूर्चेत, म्हणजे सांध्यातील हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणात, रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण सांध्यातील द्रवातून होते आणि भार पडणे व उतरणे या क्रियेने तो द्रव स्पंजमधून पाणी आत-बाहेर व्हावे तसा खेळता राहतो. सांध्याला पूर्ण विश्रांती दिली, तर कूर्चेचे भले होत नाही आणि मांडीचा पुढचा स्नायू मात्र झपाट्याने वाळतो. त्यातच गुडघा दुखत वा सुजत असेल, तर मज्जारज्जूकडून त्या स्नायूला मिळणारी चेतनाही दबते. जिना चढण्यापेक्षा उतरताना कळ अधिक का येते, याचे बरेचसे उत्तर इथे आहे: उतरताना शरीराचे वजन हळूहळू खाली सोडण्याचे काम याच स्नायूला लांबत-लांबत करावे लागते.

आता दुखण्याविषयी. व्यायामाच्या वेळी होणारी प्रत्येक वेदना म्हणजे इजा नव्हे. शून्य म्हणजे अजिबात वेदना नाही आणि दहा म्हणजे असह्य, अशी मोजपट्टी धरली तर व्यायामात तीन-चारपर्यंतची वेदना सहसा चालते. मात्र ती दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत नेहमीच्या पातळीवर आली पाहिजे. तशी आली नाही, किंवा सकाळी गुडघा सुजलेला दिसला, तर मात्रा जास्त झाली असे समजावे. अशा वेळी व्यायाम बंद न करता मात्रा कमी करावी. आपण नेमके किती आणि कसे करता, ते लिहाल का? खुर्चीची उंची किती आहे, हेही सांगा.

प्रतिसाद २

मी स्वतः या अनुभवातून गेलो आहे, म्हणून लिहितो. मला सर्वांत उपयोगी ठरली ती साधी वही. त्या दिवशी कोणता व्यायाम किती वेळा केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा कसा होता, एवढेच लिहीत असे. तीन आठवड्यांनी पाने चाळली तेव्हा ध्यानात आले की, व्यायामाच्या दिवसांनंतर नव्हे, तर ज्या दिवशी फार वेळ उभे राहावे लागले त्यानंतर गुडघा बिघडत होता. खरा फरक जाणवायला मला सुमारे तीन महिने लागले. वजन थोडे उतरले, त्याचाही लाभ झाला. एक किलो कमी झाले तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो, असे मला सांगितले होते.

प्रतिसाद ३

मशीनला अगदी निरुपयोगी ठरवू नये. टेन्ससारख्या, म्हणजे त्वचेवाटे सौम्य विद्युत्प्रवाह देण्याच्या उपचाराने काही तास वेदना दबते, आणि तेवढ्या अवधीत व्यायाम उरकता आला तर त्याचे सार्थक होते. तक्रार एवढीच की पुष्कळ ठिकाणी रुग्ण केवळ मशीनखाली पडून राहतो आणि व्यायामाचा कागद जाताना हाती पडतो.

दुसरे असे की, गुडघ्याचा नियम सरसकट सगळ्या सांध्यांना लावू नये. खांदा आखडण्याच्या आजारात, म्हणजे फ्रोझन शोल्डरमध्ये, सुरुवातीच्या तीव्र वेदनेच्या काळात हात ओढून ताणला तर रात्रीची झोपही उडते. तेव्हा पुढे वाकून हात लंबकासारखा हलका झुलवणेच पुरते. आणि गुडघा अचानक अडकून सरळच होईनासा झाला, लाल व गरम होऊन ताप आला, किंवा पोटरी सुजून दुखू लागली, तर व्यायामाची चर्चा बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

प्रश्नकर्ता

ताप, लाली किंवा अडकणे यांपैकी काही नाही. आपण विचारल्यावर मोजून पाहिले आणि माझी मलाच लाज वाटली. सांगितले होते दहाचे दोन संच, एक दिवसाआड. मी लवकर गुण यावा म्हणून पंधराचे तीन संच रोज करत होतो. शिवाय खुर्ची नव्हे, बैठा सोफा वापरत होतो.

प्रतिसाद १ (फिजिओथेरपिस्ट)

मग दोष व्यायामाचा नाही. सोफा जितका बसका, तितका गुडघा जास्त वाकतो आणि वाटीमागचा दाबही वाढतो. ताठ खुर्चीवर एक घट्ट उशी ठेवा, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या, आणि उठण्यापेक्षा बसताना जास्त वेळ घ्या, मनात चार अंक मोजत. सुरुवातीला हातांचा आधार घेतला तरी चालेल. पायरीचा व्यायाम दोन आठवडे थांबवा. त्याऐवजी पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, ती पाच सेकंद खाली दाबा आणि सोडा. जिन्यात मात्र चढताना डावा पाय आधी, उतरताना उजवा आधी. हा बदल आपल्या फिजिओथेरपिस्टच्या कानावर घालून मगच वजन पुन्हा बांधा.