थारोळे, मोट आणि संग्रहालयातील पाट्या

‘रक्ताच्या थारोळ्यात’ या प्रयोगापलीकडे थारोळ्याला काही अर्थ आहे का, आणि ग्रामजीवनाच्या संग्रहालयात मोटेचा देखावा मांडताना हा शब्द कोणत्या भागासाठी योजावा, असा प्रश्न येथे आला आहे.

थारोळे हा मोटेच्या, म्हणजे बैलांकडून ओढून विहिरीचे पाणी उपसण्याच्या मोठ्या चामडी पिशवीच्या, विहिरीवरचा शब्द आहे. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपासून उतरत जाणाऱ्या वाटेवरून, पुढे चालले की नाड्याला बांधलेली भरली मोट वर येते. ती काठाशी येताच तिची सोंड, म्हणजे पाणी बाहेर पडण्याचे नळीसारखे तोंड, मोकळी होते आणि पाणी ज्या कुंडात कोसळते ते थारोळे. तेथून ते पाटाने शेतात जाते. साचलेल्या रक्ताला थारोळे म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे हेच कुंड असावे, असे मला वाटते. देखाव्यातील पाटीवर ‘हौद’ लिहिणे मात्र मला मान्य नाही, कारण हौदात पाणी साठवून ठेवतात, तर थारोळ्यात पडलेले पाणी लगेच वाटेला लागते.

नाडा आणि दोरी यांतही फरक करावा. मोटेचा भार पेलणारा जाड दोर तो नाडा, आणि सोंडेला बांधलेली बारीक ती दोरी. संत सावता माळी यांच्या प्रसिद्ध अभंगात मोट, नाडा, विहीर, दोरी ही नावे वेगवेगळी येतात, ती मळ्यात राबणाऱ्या माणसाची अचूक नोंद आहे. (‘पक्षांची मोट बांधणे’ यातील मोट ही नव्हे, तेथे मोट म्हणजे गाठोडे.)

कोल्हापूरजवळ कणेरी येथील सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालयात माणसे प्रत्यक्ष काम करताना शिल्पांतून दाखवली आहेत. अशा मांडणीत वस्तूच्या नावाइतकेच क्रियापदाला महत्त्व आहे, म्हणून ‘पाणी उपसण्याचे साधन’ एवढ्यावर न थांबता ‘मोट हाकणे’ हा प्रयोगही पाटीवर यावा, असा माझा आग्रह आहे.

तिफणीचेही तसेच आहे. तिला ‘पेरणीचे अवजार’ म्हणणे चूक नाही, परंतु तीन फणांवरून पडलेले तिचे नाव आणि पेरणाऱ्याची मूठ ज्यात बी सोडते ते चाडे समजल्याशिवाय ‘चाड्यावर मूठ धरणे’ म्हणजे पेरणी करणे, हे पाहणाऱ्याला उमगणार नाही. चाडे, त्यातून बी खाली नेणाऱ्या नळ्या आणि जमीन उकरणारे फण ही नावे त्या त्या भागाजवळच लिहावीत.