आधी गाडीच्या दाराची भोके बंद करावीत
गाडीतल्या गाण्यांचा आवाज कमी खर्चात सुधारायचा तर प्रथम हेड युनिट (डॅशबोर्डमधला म्युझिक प्लेअर) बदलावे, हे मत मला पटत नाही. पुढच्या दारांतले स्पीकर बदलल्याने बहुधा अधिक फरक पडतो. मात्र एक मुद्दा राहून गेला आहे. स्पीकरच्या मागून निघणारा आवाज पुढच्या आवाजाच्या उलट फेजमध्ये असतो, म्हणजे एकाची लाट वर जाते तेव्हा दुसऱ्याची खाली जाते, आणि दाराच्या आतल्या पत्र्यातील मोठ्या भोकांतून तो बाहेर आला, की दोन्ही एकमेकांना मारतात व बास (खर्जातला आवाज) नाहीसा होतो.

माझ्या गाडीत नवे स्पीकर बसवूनही गाण्यातला डग्गा पोकळच वाजत होता. ती भोके ब्यूटाइल शीटने (चिकट रबरी शीटने) बंद केली, तेव्हा त्याच स्पीकरमधून त्याचा घुमारा ऐकू आला. दाराच्या तळाशी असलेली पाणी निचरण्याची भोके मात्र मुळीच बुजवू नयेत, नाहीतर पत्रा आतून गंजतो.