मदत हवी आहे : मराठी स्क्रीनवर रफार-अनुस्वार कापले जातात, लाइन-हाइट (ओळीची उंची) किती ठेवता?

पुण्यातल्या एका छोट्या स्टार्टअपमध्ये प्रॉडक्ट डिझायनर आहे, टीममध्ये एकटीच. कारखान्यांसाठी हजेरी-रजेचं अँड्रॉइड अ‍ॅप आहे, ते आता सुपरवायझरांसाठी मराठीत आणतोय.

इंग्रजीत १४ च्या अक्षराला २० ची लाइन-हाइट होती. त्यात 'वर्षांची'चा रफार-अनुस्वार वरून छाटला जातो आणि 'सुट्ट्या' खालच्या ओळीला टेकतं. फिग्मात (डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये) सगळं छान दिसतं, फोनवर रडारड!

नोटो सान्स देवनागरी आणि मुक्ता, दोन्ही फाँट लावून पाहिले. लाइन-हाइट २४ केली तर कापणं थांबतं, पण एका स्क्रीनवर ९ ऐवजी ७ च अर्ज मावतात आणि प्रॉडक्ट मॅनेजर कुरकुरतो. अक्षर १३ केलं, तर वयस्क सुपरवायझरांनी फोन लांब धरून बघितला. तो विषय संपला. 'प्रलंबित'चं 'बाकी' केल्याने बटणं मात्र सुटसुटीत झाली. (ल आणि श हिंदी वळणाचे येत होते, ते भाषेचा कोड मराठी केल्यावर सुटलं.)

फोन स्वस्तातले, छोट्या स्क्रीनचे. बऱ्याच जणांनी सेटिंगमध्ये अक्षर मोठं केलेलं असतं. पुढे हिंदीही येणार. डेव्हलपरला दोन वेगळ्या टेक्स्ट स्टाइल (अक्षराचा आकार, लाइन-हाइट वगैरेंचे ठरलेले संच) सांभाळायच्या नाहीत.

ज्यांनी देवनागरी अ‍ॅप खरोखर वापरात आणलंय त्यांना विचारते: देवनागरीसाठी वेगळी स्टाइल ठेवलीत, की इंग्रजीलाही तीच मोठी लाइन-हाइट दिलीत? आणि अक्षराच्या किती पट?