'रिव्हायव्हल'ला मराठीत काय म्हणायचं?

फ्लेक्सवाला, खडेबाजार
मंडळी, एक काम अडकलंय. बेळगावात माझं डीटीपीचं दुकान. खानापूर तालुक्यातल्या एका लहान ख्रिस्ती मंडळीच्या तीन दिवस सभा आहेत. मजकूर इंग्रजीत आला, मराठी तुम्हीच करा म्हणाले. मी 'रिव्हायव्हल'चं 'पुनरुत्थान' केलं आणि वर झोकात 'पुनरुत्थान सभा' टाकून प्रूफ पाठवलं. संध्याकाळी पाळकसाहेब स्वतः हजर. चष्मा कपाळावर चढवला, माझंच लाल पेन घेतलं आणि त्या शब्दावर दोन रेघा ओढल्या. "भाऊ, हे ईस्टरला. आम्ही अजून मेलेलो नाही." हसले, चहा घेतला, पण दुसरा शब्द काही दिला नाही.

खालची ओळ त्याहून वाईट. फेलोशिपनं देवाच्या 'पर्पज'शी 'अलाइन' व्हावं, असा विषय आहे. मी केलंय 'सहभागितेचे ईश्वरी उद्दिष्टाशी संरेखन'. मलाच वाचवत नाही. आठ बाय चारचा फ्लेक्स, शुक्रवारी छापायचा आहे.

कॅम्पातली लेक
पाळकसाहेबांचं बरोबर आहे. पुनरुत्थान म्हणजे येशूचं मेलेल्यांतून उठणं, तो शब्द दुसरीकडे वापरत नाहीत. रिव्हायव्हलला आमच्या घरी 'संजीवन' म्हणतात. संजीवन सभा. आणि ही सुवार्ता सभा नव्हे, ती बाहेरच्यांसाठी असते. ही आतल्यांसाठी. बाप्तिस्मा झालाय, रविवार चुकत नाही, पण निखाऱ्यावर राख धरलीय, अशांसाठी.

शहापूरकर
ताई, 'संजीवन' वाचून माझ्यासारख्या माळकऱ्याला काय आठवणार? आळंदी. माउलींची संजीवन समाधी, 1296. कार्तिकात फ्लेक्स लावलात तर आमच्या गल्लीतले चारजण टाळ घेऊन येतील तुमच्याकडे. 'जागृती' म्हणा, सोपं आहे.

निपाणीची सून
जागृती नको. मतदार जागृती, ग्राहक जागृती, डेंग्यू जागृती. पंचायतीचा माणूस पत्रकं घेऊन येतो ती जागृती.

जुना मुद्रितशोधक
शहापूरकर, संजीवनी विद्या मुळात शुक्राचार्यांची. मग आळंदीकरांनीही परत करायची का? शब्दांचा सातबारा नसतो.

पण शंका जुनी आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, तेव्हा पोथीचा वास येणारे संस्कृत शब्द टाळून साध्या बायाबापड्यांना कळेल असं मराठी लिहायचा त्यांचा हट्ट होता. 1922 ला त्या गेल्या, भाषांतर 1924 ला निघालं. आणि रिव्हायव्हल म्हणाल तर तेही केडगावचंच. वेल्समधल्या 1904 च्या रिव्हायव्हलच्या लाटेची बातमी कळल्यावर रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये रोजची प्रार्थना सुरू झाली आणि 1905 च्या जूनअखेरीस तिथल्या मुलींमध्ये ते सुरू झालं. तेव्हा या शब्दाला मराठी मातीत सव्वाशे वर्षं होत आली, आणि आपण अजून फ्लेक्सवर अडलोय.

मूळ बघायचं तर बायबलातल्या हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकात, 3:2 मधलं हिब्रू क्रियापद 'जगणं' याच धातूचं आहे. जगवणं. बस्स, इतकंच. 'पुनर्' हे लॅटिन 'रि'चं शेपूट.

हलग्याचा अण्णा
आमच्याकडं कन्नडात 'उज्जीवन कूट' म्हणतेत. उज्जीवन म्हणजे हे तुमचं रिव्हायव्हल, कूट म्हणजे जमणं. बोर्डावर कन्नड साठ टक्के पायजे असा कायदा झाल्यापासून फ्लेक्सवाले बी कन्नड मोठं, मराठी बारकं करायलेत.

कूटवरनं आठवलं. माझी बायको कोल्हापूरची. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात मी म्हटलं, "आज सहाला प्रार्थना कूट हाय, तयार हो." ही तयार झाली. हातात झाकलेला डबा. तिथं गेल्यावर उघडला तर दाण्याचं कूट! भाजून, सालं काढून, ताजं कुटलेलं. म्हणाली, खिचडीला लागत असंल म्हणून आणलं. वडीलमंडळींनी प्रार्थना संपल्यावर गूळ मागवला आणि सगळ्यांनी लाडू करून खाल्लं. तवापासनं आमच्या फेलोशिपला अर्धे लोक 'दाण्याचं कूट'च म्हणतेत.

जुना मुद्रितशोधक
अण्णा, बहार! बाकी 'उज्जीवन' आपल्याही घरात आहे, 'पुनरुज्जीवन'च्या पोटात. कन्नडनं 'पुनर्' टाकून दिलं आणि बरं केलं. मराठीत उचला.

शहापूरकर
म्हणजे आता कन्नडकडून उसना शब्द? एक नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाला, काळी फीत लावायची आणि दोन तारखेला 'उज्जीवन' लिहायचं?

जुना मुद्रितशोधक
संस्कृत शब्द आहे हो. त्याला कसला सीमाप्रश्न?

निपाणीची सून
'पुनरुज्जीवन' सुद्धा नको. ते तलावाचं असतं. जेसीबी उभा दिसतो डोळ्यांसमोर.

भातशेती, खानापूर
तुम्ही सगळे पुस्तकातून बोलताय. लावणी केल्यावर रोप काय करतं? मान टाकतं. दोन-तीन दिवस शेत असं पिवळट, मलूल दिसतं की नवख्याला वाटावं गेलं सगळं. मग एका सकाळी बघावं तर पात ताठ. त्याला आम्ही म्हणतो रोपानं जीव धरला. मेलेलं नव्हतंच ते, उपटून दुसरीकडे लावल्यानं गळाठलं होतं. रिव्हायव्हल म्हणजे हेच ना? माझी आत्या प्रार्थनेत म्हणायची, "बापा, आमची मंडळी पुन्हा जीव धरू दे." तिला ना संजीवन माहीत होतं ना उज्जीवन.

कॅम्पातली लेक
काका, सुरेख. पण 'जीव धरू सभा' असा फ्लेक्स कसा लावणार?

फ्लेक्सवाला, खडेबाजार
बरं, वरचं 'संजीवन' ठेवतो तूर्त. खालच्या ओळीचं बघा. फेलोशिप म्हणजे सहभागिता की संगती की मंडळी?

शहापूरकर
'मंडळी' लिहू नका. माझे आजोबा आजीला 'आमची मंडळी' म्हणत. "मंडळी माहेरी गेल्यात" म्हणजे चूल बंद. आता 'मंडळीने देवाशी जुळवून घ्यावे' छापलंत तर पेन्शनर लोक म्हणतील, बायकोलाच का उपदेश?

कॅम्पातली लेक
आमच्यात मंडळी म्हणजे चर्च, ग्रीक 'एक्लेसिया'. इमारत नव्हे, माणसं. फेलोशिप म्हणजे 'कोइनोनिया', तिला शास्त्रात सहभागिता म्हणतात. शब्द जड आहे खरा, पण अर्थ नेमका: एकाच ताटातले वाटेकरी. कन्नड भाऊबंद 'अन्योन्यते' म्हणतात, मला तो फार आवडतो. मराठीत मात्र अन्योन्य म्हटलं की अलंकार आठवतो. आणि कन्नडवाले चर्चला 'सभे' म्हणतात, तो घोळ वेगळाच. एक मावशी मराठीत सांगत होत्या, "आमच्या सभेत दीडशे लोक हाईत." शेजारचे गृहस्थ म्हणाले, "फक्त दीडशे? आणि वक्ता कोण होता?"

हलग्याचा अण्णा
आणि मेळावा तर अजिबात लिहू नका. आमच्या गावात विधानसौध हाय. अधिवेशनाच्या टायमाला मेळावा म्हटलं की आधी पोलीस येतेत, मग माणसं.

जुना मुद्रितशोधक
ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले अशा दोघांनाही एकत्र घेऊन जे काढलं, त्याचं नाव त्यांनी 'देवाचा दरबार' ठेवलं. सहभागिता नाही, संगती नाही. दरबार! फारसी शब्द, आणि देवाला चालला. शुद्धतेची चिंता करणाऱ्यांनी हे जरा चघळावं.

शहापूरकर
टोमणा पोचला. पण दरबारात राजा एक आणि बाकीचे मुजरा करणारे. त्यात सहभाग कुठे आला?

कॅम्पातली लेक
'पर्पज'ला संकल्प. बायबलातल्या रोमकरांस पत्रात, 8:28 ला, तोच शब्द आहे. त्याच्या संकल्पाप्रमाणे बोलावलेले.

निपाणीची सून
संकल्प माणूस सोडतो, हातात पाणी घेऊन. नाहीतर एक जानेवारीला. देव कशाला करेल? 'योजना' म्हणा.

हलग्याचा अण्णा
योजना? इकडं गृहलक्ष्मी, तिकडं लाडकी बहीण. फ्लेक्सवर 'देवाची योजना' वाचून बायका आधारकार्ड घेऊन यायच्या.

निपाणीची सून
मग हेतू?

जुना मुद्रितशोधक
'हेतू' पोलीस विचारतात. संकल्पच बरा. त्यात ठरवण्याचं बळ आहे.

गवंड्याचा मुलगा
उशिरा आलो. 'संरेखन' वाचून राहवलं नाही. आमच्या धंद्यात याला ओळंब्यात घेणं म्हणतात. बाबा दर तीन थरांनी ओळंबा सोडायचे. वर लाकडी गुटका, मधून दोरा, खाली पितळी लट्टू. गुटका भिंतीला टेकवायचा आणि श्वास धरून लट्टू थांबायची वाट बघायची. लट्टू आणि भिंत यांच्यात केसाएवढी फट राहिली की भिंत खरी. लट्टू टेकला तर भिंतीनं खाली पोट काढलंय, लांब लटकला तर वरून झुकलीय. बायबलातल्या आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकात, सातव्या अध्यायात, देवाच्या हातात ओळंबाच आहे. 'मंडळी देवाच्या ओळंब्यात', एवढंच लिहा. खेड्यातल्या माणसाला लगेच कळेल.

कॅम्पातली लेक
दादा, प्रतिमा छान आहे, पण तो ओळंबा न्यायाचा आहे. देव इस्राएलाला लावून बघतो आणि म्हणतो, आता सोडणार नाही, उच्चस्थानं ओस पडतील. संजीवन सभेच्या फ्लेक्सवर हा इशारा?

गवंड्याचा मुलगा
वाकडी भिंत ढकलून सरळ होत नाही, ताई. वाकडे थर उतरवावेच लागतात. बाबांनी एकदा मालकासमोर सहा थर उतरवले होते, स्वतःच्या हातचे. मजुरी गेली.

भातशेती, खानापूर
हे पटलं बघा. पण ओळंबा उभ्याला. आडवं बघायला पाणसळ लागतो. फेलोशिप तर आडवी असते, माणसामाणसांत.

शहापूरकर
झालं, कीर्तन सुरू.

फ्लेक्सवाला, खडेबाजार
शुक्रवार उद्या आहे ओ. 'जुळवणे' चालेल का 'ओळंब्यात घेणे' लिहू? पाळकसाहेबांना फोन करायचाय.

जुना मुद्रितशोधक
एक मिनिट. 'पाणसळ लागतो'? पाणसळ स्त्रीलिंगी आहे. ती पाणसळ.

भातशेती, खानापूर
आमच्याकडं तो.

गवंड्याचा मुलगा
आम्ही आता लेव्हल पाइपच म्हणतो. पण बाबा 'ती' म्हणायचे. खानापुरात 'तो' कुठल्या गावाला म्हणतात?

भातशेती, खानापूर
नंदगडला. जाऊन विचारा.